काम न करण्याची अट

मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, पिण्याच्या पाण्याचं एक यंत्र, एक संगणक, चहाचा एक भरलेला कप आणि एक व्हिसा अधिकारी एवढंच होतं. टेबलाचा एक पाय साधारण तीन मिलिमीटर आखूड होता. अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. फोरमनकाकांना दारातूनच कळलं.

काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. मुलगी परदेशात, तिला जुळी. तिथे वर्षभर राहण्यासाठी निवृत्तांचा व्हिसा मिळत होता. अटी दोनच: पैसा आपल्या देशातून यायला हवा, आणि तिथे काडीचंही काम करायचं नाही. व्हिसा हुकला, तर रांगणारी नातवंडं काकूंना फोनवरच बघावी लागणार होती. म्हणून घरून निघताना त्यांनी काकांच्या खिशातून एक पाना आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतले होते.

"अहो, हात मांडीवर," बसल्याबसल्या काकू कुजबुजल्या.

अधिकारी लिहायला लागला. टेबल डुगडुगलं. काकांनी डोळे मिटले. पुन्हा डुगडुगलं. काकांनी घाम पुसला. तिसऱ्या वेळी ते बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकले आणि वर आले, तेव्हा चेहरा एकदम शांत होता.

"पेन्शनचं पत्र द्या," अधिकारी म्हणाला.

काकांनी फाइल उघडली आणि परत मिटली.

"अहो, फाइलीत होतं की!"

"होतं."

"मग?"

काकांनी बोट खाली दाखवलं. मिळकतीचा एकुलता एक पुरावा पाच घड्या घालून टेबलाच्या पायाखाली बसला होता.

"काढा ते!" अधिकारी ओरडला.

काकांनी पत्र ओढलं. टेबल कललं, कप कलंडला, चहा कीबोर्डात शिरला. काकांनी झडप घालून कीबोर्ड उलटा केला, झटकला आणि त्याच झपाट्यात कोपऱ्यातल्या यंत्राची गळकी तोटीही आवळून टाकली.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "काका, तिथे कामाला बंदी आहे. तुम्ही तर इथेच सुरू झालात."

"हे काम नाही हो साहेब. बघवलं नाही, एवढंच."

"नाही जमणार. नाकारावा लागेल."

काकू उठून उभ्या राहिल्या. "साहेब, माझं ऐका. बाहेर जगाचं दुरुस्त करतात हे. आमच्या स्वयंपाकघरातला नळ अकरा वर्षं गळतोय, त्याला बोट लावलेलं नाही!"

"अगं, या रविवारी करणारच होतो..."

"अकरा वर्षांत रविवार आलाच नाही का? साहेब, घरात हा माणूस काहीही करत नाही, मी लिहून देते. आणि तिथे आम्ही मुलीच्या घरीच राहणार."

अधिकारी काकांकडे बघत राहिला. "पाणीपुरवठ्याचे फोरमन तुम्ही. आणि घरचा नळ..."

"वायसर बदलायचा फक्त," काका पुटपुटले. "पाच मिनिटांचं काम."

"बघा!" काकू म्हणाल्या.

अधिकाऱ्याने शिक्का मारला. टेबल डुगडुगलं.

दोघं पोहोचली त्या दिवशी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या नळातून मिनिटाला चौदा थेंब पडत होते. वर्षभराने परत निघाली, तेव्हा एकोणीस.