पहिल्या पाळीत मल्हारीला मारायचं

"मल्हारीला मारल्याशिवाय काही जमत नाही," बद्रीनाथ म्हणाला आणि बशीतला चहा भुर्रकन ओढला.

चिकलठाण्याच्या एका डबे बनवणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये हे बोलणं चाललं होतं, आणि बोलणारे चौघेही स्वभावाने गरीब होते, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तुमचंही कपबशा विसळणाऱ्या बानाबाईसारखं व्हायचं. बद्रीनाथ स्टोअरमधला क्लार्क. करीम वेल्डर. कचरू प्रेसवर. चौथा अप्पाराव, तो गेटवरचा वॉचमन. शहरात विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे वातावरण तापलेलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा जमावबंदी. थेटरं ओस पडलेली, आणि पत्ते काढले की जुगार म्हणून धरायचे. तेव्हा माणसाने जेवणाच्या सुट्टीत करायचं काय? म्हणून बद्रीनाथने एक खेळ काढला होता. ना पत्ते, ना सोंगट्या, ना पट. नुसता तोंडाने खेळायचा. एक राज्य आहे असं समजायचं, त्यात प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, आणि आपल्या पाळीला आपलं सोंग काय करतं ते सांगायचं. एवढंच. पण नियम ठरवता ठरवता महिना गेला होता, कारण बद्रीनाथला खेळापेक्षा नियमांची हौस जास्त.

राज्याचं नाव ठरवताना तर पंचाईतच झाली. बद्रीनाथने कचरूकडे पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका," कचरू म्हणाला. "विद्यापीठाच्या नावापायी मी लाठ्या खाऊन आलोय, जेलात बी जाऊन आलोय. अजून बी जाईन. पण खेळात तरी मला नावातून सुट्टी द्या, साहेब."

मग राज्य बिननावाचंच ठेवलं. अप्पाराव राजा झाला, कारण त्याच्याकडे टोपी होती. कचरू सेनापती. करीमला राजवैद्य केलं. बद्रीनाथ स्वतः काहीच झाला नाही, तो वरून सगळं चालवणार होता. उरला मल्हारी. फुलंब्रीचा पोरगा, फिटरचा हेल्पर, धनगराचा. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, आणि जो हजर नसतो त्याच्या वाट्याला काय येतं हे सगळ्या मराठी माणसांना ठाऊक आहे.

"जमावबंदीत पाच जण जमले की उचलतात," बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला. "चौघं बसलो तर कोणी काही म्हणत नाही. म्हणजे एक जण कमी झाला पाहिजे. सोमवारी पहिल्या पाळीत मल्हारीला संपवायचं. करीमभाई, हे काम तुमचं."

"मैं?" करीम दचकला. "यार, मी कोंबडी कापताना पण डोळे मिटतो."

"म्हणून तर! तुमच्यावर कुणाचा संशय जाणार नाही. औषध म्हणून द्यायचं, एका घोटात काम तमाम. बोंब मारायला पण वेळ मिळायला नको."

"बिचारा मल्हारी," करीम म्हणाला. "ठीक है. देतो."

मागे मोरीत कपबशा विसळत बसलेल्या बानाबाईच्या हातातून एक बशी सुटली आणि फुटली. बानाबाईही फुलंब्रीची. मल्हारीची चुलत मावशी. राज्य, राजा, सेनापती हे बोलणं चाललं तेव्हा ती दूध आणायला गेली होती. ती आली ती नेमकी 'मल्हारीला मारल्याशिवाय' या शब्दांवर. आणि कंपनीत जिने जन्म घालवला तिला पाळी म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. पहिली पाळी म्हणजे सकाळची शिफ्ट, भोंगा झाला की सुरू होणारी. त्या पाळीत मल्हारीला मारणार होते!

संध्याकाळच्या एसटीने बानाबाई फुलंब्रीला उतरली ती थेट म्हाळसाबाईच्या अंगणात.

"म्हाळसा, तुझ्या पोराला कंपनीत जहर घालणार हायेत गं! सोमवारी, पहिल्या पाळीत!"

"कोण?"

"करीम."

ओसरीवर भाकर खात बसलेला मल्हारी हसला. "करीम? मावशे, तो माझ्या डब्यातलं खातो अन् मी त्याच्या."

"म्हणून तर त्याला धाडलाय! कुणाला संशय येऊ नये म्हणून. म्या सोताच्या कानांनी ऐकलं. वर म्हणतो, बिचारा मल्हारी!"

मल्हारीचा घास हातातच राहिला. मरणाची भीती कुणाला नसते? पण त्याला त्याहून जास्त वाईट वाटलं ते करीमचं. वर्षभर शेजारी बसून जेवलेला माणूस. काहून मारंल? दिवसच असे होते की माणूस 'काहून' एवढंच विचारायचा, आणि उत्तर कुठूनही आलं तरी खरं वाटायचं.

म्हाळसाबाई उठली, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "कंपनी गेली खड्ड्यात. सांग त्यान्ला, मल्हारीला ताप आलाय."

सोमवारी बानाबाईने तसा निरोप दिला, आणि घोटाळा मिटायचा तिथे खरा सुरू झाला. कारण चौघेही गरीब होते हे मघाशी सांगितलंच. त्यांनी खेळ तसाच बाजूला ठेवला आणि मल्हारीची काळजी करत बसले. करीमच्या तर जिवाला चैन पडेना. सारखा कँटीनच्या खिडकीशी येऊन उभा राही.

"खाला, मल्हारी कैसा है?"

"हाय अजून," बानाबाई दातओठ खाऊन म्हणे. करीमला चहा देताना ती तोंड फिरवून ओतायची, आणि अर्धा चहा बशीत अन् अर्धा करीमच्या शर्टावर जायचा.

शेवटी सुट्टीच्या आदल्या दिवशी करीम म्हणाला, "खाला, त्याला सांगा, उद्या मी स्वतः येतोय. औषध घेऊनच येतो. एका घोटात आराम पडतो की नाही बघा!"

बानाबाईच्या हातून किटली पडली.

दुसऱ्या दिवशी अप्पाराव गेटवर ड्यूटीला राहिला, आणि बद्रीनाथ, कचरू आणि करीम फुलंब्रीला उतरले. करीमच्या पिशवीत ओळखीच्या हकीमाकडून आणलेली काढ्याची बाटली होती. हकीमाचं म्हणणं असं की ताप आधी पोटात असतो, मग अंगात येतो. म्हणून पोट साफ झालं की ताप गेलाच. बाटली काळीकुट्ट होती आणि बूच लावूनही वास येत होता.

म्हाळसाबाईच्या अंगणात शिरताच तिघांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. ओट्यावर भावकीतली माणसं बसली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. कुणी राम राम म्हटलं नाही. म्हाळसाबाई दारात विळा घेऊन उभी, तिच्या मागे बानाबाई. कचरूने अशी अंगणं पाहिली होती. लाठी कधी पडते हे त्याच्या पाठीला आधी कळायचं. तो करीमला चिकटून उभा राहिला.

"मल्हारी कुठंय, मावशी?" करीमने विचारलं.

"निजलाय."

"औषध आणलंय त्याच्यासाठी. उपाशी पोटी, एका घोटात."

ओट्यावरची माणसं उभी राहिली.

"तूच पी," म्हाळसाबाई म्हणाली.

"मी? मला काय झालं?"

"झालं नाय, व्हईल. पी म्हणते ना!"

महिनाभर माणसं मारायचे नियम करणारा बद्रीनाथ कचरूच्या मागे सरकला. कचरू करीमच्या कानात म्हणाला, "करीमभाई, फेक ती बाटली. पळू."

"पळून कुठं जायचं, कचरू?" करीम तितक्याच हळू म्हणाला. या दिवसांत एक करीम एका गावातून पळाला, एवढी बातमी शहरात पोचली असती तर संध्याकाळपर्यंत काय काय पेटलं असतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. आणि आपण काय गुन्हा केला हेही त्याला कळत नव्हतं. त्याने बूच काढलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळी बाटली घशात ओतली.

सगळे करीमच्या तोंडाकडे बघत होते. काहीच झालं नाही. एक म्हातारा म्हणालाही, "काय बी नाय की रं." तेवढ्यात करीमच्या पोटातून गुडगुड असा आवाज आला. ओट्यापर्यंत ऐकू गेला. करीमचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"मावशी," तो कळवळून म्हणाला, "टमरेल..." आणि पुढचं न बोलता रानाकडे धूम ठोकली.

"चढलं! जहर चढलं!" बानाबाई किंचाळली. "म्या म्हणलं नव्हतं?"

आता म्हाळसाबाईने काय करावं? चांगला सूड उगवला होता, दारात उभं राहून बघायचं. पण तिने विळा फेकला आणि पदर खोचून करीमच्या मागे पळत सुटली. "अगं माय माय, लेकरू मरतंय की! बघता काय मुडद्यांनो, मिठाचं पाणी आणा!" आणि घरातल्या कणगीत लपवलेला मल्हारी ज्वारीच्या भुशाने माखलेला बाहेर आला. "करीम! ए करीम!" म्हणून ओरडत तोही धावला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग जे व्हायचं ते झालं. काठ्यावाल्यांनीच करीमला उचलून आणलं, दोघांनी धरलं, तिघांनी मिठाचं पाणी पाजलं. हकीमाच्या काढ्याने खालची बाजू सांभाळली होती, गावाने वरची सांभाळली. करीम बिचारा मधल्या मधे आडवा झाला.

"अहो, थांबा!" शेवटी बद्रीनाथला कंठ फुटला. "जहर नाही ते! खेळ आहे! आम्ही खेळातल्या मल्हारीला मारणार होतो!"

"पहिल्या पाळीत म्हणला व्हता ना?" बानाबाईने कमरेवर हात ठेवले.

"पाळी म्हणजे डाव हो! माझी पाळी, तुमची पाळी. शिफ्ट नव्हे!"

"मंग डाव म्हणायला काय तुमच्या जिभंला काटा टोचत व्हता?" असं म्हणून बानाबाई उलट त्याच्यावरच चिडली. ओट्यावरची माणसं एकेक करून काठ्या मागे लपवत पांगली.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण करीमला उभं राहवत नव्हतं, आणि म्हाळसाबाई त्याला सोडायला तयार नव्हती. "वाटंत काय झालं तर बोल माझ्यावर येईल. खडखडीत बरा झाल्याबिगर पाठवणार नाय," तिने सांगितलं आणि ताकभात कालवायला बसली. तेव्हा शहरात करीमच्या घरी निरोप द्यायला मल्हारी स्वतः कचरू आणि बद्रीनाथबरोबर निघाला. त्याला अपराध्यासारखं वाटत होतं. मित्रावर संशय घेतला, आता निदान त्याच्या आईसमोर तरी उभं राहावं.

करीमची आई जाहेदाबी दारातच भेटली. मल्हारी घाबरून गेला आणि सगळं उलटसुलट सांगून बसला.

"अम्मी, करीम आमच्याकडंच हाय. पडलाय. आईनं त्याला बाटली पाजली, मग गावानं धरून पाणी पाजलं. आता जित्ता हाय."

जाहेदाबीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला परत कणगीत जावंसं वाटलं. "मेरे बच्चे कू क्या पिलाए रे तुम लोगां?" तिने मल्हारीचं मनगट धरलं, आत ओढलं आणि दार लावून घेतलं. "मेरा करीम आएंगा, तबच ये जाएंगा!"

गल्ली गोळा झाली. बाहेर उभ्या कचरूने सांगून पाहिलं, बद्रीनाथने नियम समजावून पाहिले. दार उघडलं नाही. बद्रीनाथ धावत फुलंब्रीला गेला. तिथे म्हाळसाबाई करीमच्या उशाशी बसलेली. "माझ्या मल्हारीला कोंडलंय? मंग आधी माझं पोरगं आणा, मंगच ह्यो जाईल." बद्रीनाथ पुन्हा शहरात. जाहेदाबी म्हणाली, आधी करीम. शहरात पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या, दोन्हीकडे माणसं जमत होती, आणि बद्रीनाथ एसटीतून नुसता खाली-वर करत होता. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. इकडे बिर्याणी खाऊन मल्हारी आणि ताकभात खाऊन करीम मात्र ढाराढूर झोपले.

सकाळी कसंबसं ठरलं. दोघींनी आपापला कैदी घेऊन बसस्टँडवर यायचं आणि एकदम सोडायचं.

फुलंब्रीची गाडी लागली. करीमचा दंड धरून म्हाळसाबाई उतरली. समोर मल्हारीची कॉलर धरून जाहेदाबी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बद्रीनाथने डोळे मिटले.

"बाई," म्हाळसाबाई म्हणाली, "पोराला खायला घालती का नाय? नुसती हाडं लागली हाताला."

"तुम्हारा भी कौनसा पहलवान है," जाहेदाबी म्हणाली. "दो घास खाया, और 'बस अम्मी, बस अम्मी.'"

दोघींनी हात सोडले. पोरं मधल्या मधे एकमेकांना बिलगली. मग जाहेदाबीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "ये मुआ खेल निकाला कौन?"

सगळ्यांचे डोळे बद्रीनाथकडे वळले. बद्रीनाथने शर्ट नीट केला. "त्याचं असं आहे," तो म्हणाला, "हा मुळात कल्पनेचा खेळ. यात जो मरतो तो खरोखर..."

"तुझी माय कुठं असती रे?" म्हाळसाबाईने मधेच विचारलं.

बद्रीनाथ चाळिशीला आलेला माणूस. दोन लेकरांचा बाप. पण त्याचं तोंड एवढंसं झालं. "तिचं काय काम? तिला कशाला..."

"पाचोडला," कचरूने सांगून टाकलं.

पाचोडची गाडी समोरच उभी होती. म्हाळसाबाईने जाहेदाबीला हात दिला, दोघी चढल्या आणि एकाच बाकावर बसल्या. कंडक्टरने घंटी दिली. बद्रीनाथ खिडकीखालून गाडीबरोबर पळत सुटला.

"मावशी, उतरा! अम्मी, आईला नका सांगू!" तो ओरडत होता. "नियम बदलतो! मल्हारी मरणार नाही! कुणीच मरणार नाही हो!"