तिसरी हाक

दिवेलागणीला वाडीतल्या ट्रकवाल्या ताराचंदच्या गोदामात ट्रंककॉल लागला, तेव्हा शामलाच्या हातातला रिसीव्हर घामानं ओला झाला होता. तिची बी.एड.ची परीक्षा म्हणून दोन वर्षांची गोपिका सासूकडे, पार जंगलातल्या गावी होती. "पोरीले ताप आहे," एवढंच सांगून तिकडून आलेला एक ड्रायव्हर पुढं निघून गेला होता. गावात फोन एकच, सासूच्या ओसरीवरच्या पोस्टातला. तोही वारा पडला तरच बोलायचा.

"आई! गोपी कशी आहे?"

उत्तर नाही. नुसता श्वास. संथ, अगदी कानाशी, कुणी मुद्दाम गप्प बसल्यासारखा. मग खरखर, आणि लाइन तुटली.

ताराचंदनं विडी विझवली. "कोन होतं वो ताई?"

"बोललं नाही. पण होतं कुणीतरी."

ऑपरेटरनं पुन्हा जोडून दिलं. "आई!" पुन्हा तोच श्वास. मागं कुठंतरी बांगडी वाजली. ताराचंदनं कान लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"हमालाईले सांगू नका, ताई. उद्या कोनी गोदामात पाय ठेवनार नाही."

वाईट बातमी असली की माणसं अशीच गप्प होतात, शामलाच्या मनात आलं. तिसऱ्यांदा लाइन लागली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई..."

"हाव, बोल आता!" सासूबाईंचा आवाज खणखणीत आला.

"मघापासून बोलला का नाहीत?"

"तिनसांजेले माणूस दिसत नाही, नुसता आवाज येते. पहिल्या दोन हाकाईले ओ देऊ नाही, वं. भूत दोनदाच हाक मारते. तिसरी मारली, मंजे तू."

"भूतबीत काही नसतं हो, आई! आधी गोपीचं सांगा!"

"गोपीचं ना? अशी गोष्ट झाली का—"

खट्ट.

"तिकडची लाइनच मेली, बाई," ऑपरेटर म्हणाला. "आज काही होत नाही."

शामला मुका रिसीव्हर कानाशी धरून तशीच उभी राहिली. बाहेर ट्रकचे दिवे लागले. आणि त्या मेलेल्या तारेतून, फार लांबून, बारीक आवाज आला.

"आऽई!"

गोपीच! शामलाच्या ओठांवर 'ओ' आला आणि तिथंच थिजला.

"आई गंऽ!"

"ताई, पोरगी बोलून राहिली ना!" रिसीव्हरशी कान नेत ताराचंद म्हणाला. " काहून गप्प हाय?"

शामलानं तोंडावर पदर दाबला. डोळे घळाघळा वाहत होते. तिनं ताराचंदला एक बोट दाखवलं.

अजून एक.