गाढी नदीतला आठ किलोचा मासा

मासे पकडायला नशीब लागतं असं म्हणणाऱ्याला मासेमारी कळलेलीच नसते. लागते ती फक्त जोडणी! दोरा, गळ, शिसं आणि बूच, पाणी बघून नीट बांधलं की मासा आपणहून येतो. हे सगळं मी तीन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. त्याआधी मासा मी फक्त ताटात पाहिला होता.

माझे सासरे, गोमाशेठ, खारघरच्या बेलपाड्याचे. तरुणपणी खाडीत जाळी टाकलेला माणूस. लग्नाला आठ वर्षं झाली, पण ते अजून माझी ओळख "किशोरीचा नवरा, विम्याच्या हापिसात बसतो" अशी करून देतात. त्यातलं 'बसतो' ते जरा सावकाश म्हणतात.

दिवाळीनंतरच्या रविवारी सासू-सासरे आमच्याकडे पनवेलला जेवायला येणार होते. मी जाहीर केलं, "बाबांना घेऊन सकाळीच गाढी नदीवर जातो. दुपारचं कालवण मी पकडलेल्या माशाचं!"

"मी मार्केटमधून पापलेट आणून ठेवते," किशोरी म्हणाली.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे. पापलेट असू दे."

नेरे गावाच्या पुढे नदीकाठी मी टॉवेल पसरला आणि तीन जोडण्या ओळीने मांडल्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हत्यारं मांडतो तशा.

"बाबा, ही साचलेल्या पाण्यासाठी. मासा लागला की बूच बुडतं. ही वाहत्या पाण्यासाठी. जड शिसं तळाला बसतं, आमिष वाहून जात नाही. आणि ही शेवाळासाठी. गळाचं टोक आमिषात लपवायचं, म्हणजे शेवाळ अडकत नाही."

"मंग मासा कसा अरकंल?" सासऱ्यांनी विचारलं.

व्हिडिओत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी डोहाकडे वळलो.

डोहात बूच आडवं पडलं आणि पडूनच राहिलं. अर्ध्या तासाने मी म्हणालो, "मासे विचार करतायत."

"दोरा जास्त सोरलाय. शिसा तलाला टेकलाय तुमचा."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि शेवाळाकडे गेलो. गळाचं टोक लपवायचं तेवढं विसरलो. अर्धा किलो शेवाळ निघालं.

उरलं वाहतं पाणी. तिथलं जड शिसं मला उगाच दांडगं वाटलं, म्हणून हलकं लावलं. गळ टाकल्याबरोबर शिसं, आमिष, सगळंच धारेबरोबर निघालं आणि वळणापलीकडे दिसेनासं झालं. मी दोरा गुंडाळायला लागलो, तोच रॉड वाकला. असा वाकला की माझी चप्पल निघाली!

"बाबा! लागला!"

आठ वर्षांत पहिल्यांदाच सासरे माझ्यासाठी उठून उभे राहिले. "ढिला सोरा! ढिला! आता खेचा! केवरा हाय?"

"आठ किलो! कमीत कमी! किशोरीला फोन लावा, मोठं पातेलं काढून ठेव म्हणावं! वरच्या मजल्यावरच्यांनाही जेवायला सांग म्हणावं!"

सासऱ्यांनी खरंच फोन लावला. तेवढ्यात वळणावरून एक बाई ओरडत धावत आली. "सोर! सोर आदी!"

मला वाटलं, माशावर हक्क सांगायला आली. मी रॉड घट्ट धरून ओरडलो, "मावशी, मासा माझा आहे! मी पकडलाय!"

"कसला मासा? माजी गोधरी हाय ती!"

पाण्यातून लाल फुलांची गोधडी बाहेर आली. चिखलाने माखलेली, आणि बरोब्बर मधोमध गळ. मी तो ओढून काढायला गेलो तर गोधडी वीतभर फाटली.

बाईचं नाव जनी. वरच्या वाडीतून सकाळी दोन मैल चालत ती ही एक गोधडी धुवायला आली होती.

"धुतलेली होती," ती म्हणाली. 

मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"धुवा," सासरे म्हणाले.

मी धुतली. दगडावर आपटून, दोन वेळा. मग एक टोक जनीने धरलं, एक मी, आणि पिळली. पिळताना ती मला "उलटा नाय, सुलटा फिरव" असं शिकवत होती. फाटलेलं शिवायला मी माझ्या गळाचा दोरा देऊ केला. तिने तो बोटांनी ओढून बघितला, म्हणाली, "ह्यो बरा हाय," आणि अख्खं रीळ घेऊन गेली.

तेवढ्या वेळात सासऱ्यांनी माझ्या एका जोडणीचं बूच आणि शिसं काढून टाकलं, गळाला गांडूळ लावलं आणि काठच्या गवताशी तीन चिलापी काढल्या.

"कुठली जोडणी बाबा?"

"गरी," ते म्हणाले. म्हणजे नुसता गळ.

दुपारी वरच्या मजल्यावरची सहा माणसं जेवायला आली. आठ किलोचा मासा बघायला मिळेल म्हणून त्यांनी पाहुणेही आणले होते. तीन चिलापींचं कालवण झालं. पापलेटही निघालं. मी दोन्ही खाल्लं.

जेवताना सासरे सासूबाईंना म्हणाले, "जावयबापूंनी गोधरी काय पिळली! थेंब ऱ्हायला नाय." माझं त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक. खोटं कशाला बोलू, मला कालवणाची दुसरी वाटी जास्त गोड लागली.

बुधवारी सासूबाईंचा फोन आला. "रविवारी मोकले हाव ना? आमच्याकरं सात गोधऱ्या धुवायच्या हायेत."

"येतो की! गळ घेऊन येऊ का?"

"नको नको," त्या घाईघाईने म्हणाल्या, "फाटतील!"