लिंबाएवढ्या कोबीचे डोहाळे

संत तुकाराम नगरातल्या यशोदाबाई एक गोष्ट छातीठोकपणे सांगायच्या, "कारलं असो की सुरण, माझ्या कढईत पडलं की गुमान गोड होतं." त्यामुळे आठवा महिना लागलेल्या सुनेला, करिष्माला, ब्रसेल्स स्प्राउट्सचे डोहाळे लागले तेव्हाही त्या डगमगल्या नाहीत. गेल्या वर्षी कंपनीनं करिष्माला सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या कॅन्टीनमध्ये ही लिंबाएवढी कोबी मिळायची म्हणे. रविवारी ती बाळंतपणाला माहेरी, सांगलीला जाणार होती. डोहाळे अपुरे ठेवून गेली असती तर विहीणबाईंनी ते तिकडं पुरवले असते, आणि अख्ख्या बारशात तेवढंच सांगत बसल्या असत्या.

शनिवारी सकाळीच दौलतराव तळेगावच्या एका पॉलीहाउसमधून अर्धा किलो भाजी घेऊन आले.

"अहो, वरची खराब पानं तेवढी काढून ठेवा. मी अंघोळ उरकून येते," यशोदाबाई म्हणाल्या, आणि इथंच चुकल्या.

दौलतराव भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर डाग, रिजेक्ट. त्याखालच्या पानाला टाचणीएवढं भोक, रिजेक्ट. मग लक्षात आलं की गड्डे लहानमोठे आहेत. असा लॉट पुढं कसा सोडायचा? कपाटातला व्हर्निअर कॅलिपर निघाला. सगळ्यांत बारक्या गड्ड्याचं माप धरून बाकीचे सोलायला घेतले. पण डाग काढताना तो बारका आणखी बारीक झाला, म्हणून बाकीचे परत सोलले.

यशोदाबाई केस पुसत बाहेर आल्या तेव्हा परातीत पाल्याचा ढीग होता आणि वाटीत हरभऱ्याएवढे पांढुरके गोळे.

"एकसारखे झालेत बघ," दौलतराव समाधानानं म्हणाले.

"बारशाला तुम्हाला पाळण्यापासून लांब ठेवायला हवं. बाळही मोजून घ्याल."

चिडलेल्या हातानं त्यांनी गोळे कुकरला लावले. पहिल्या शिट्टीला दारातलं मांजर उठून गेलं. तिसऱ्या शिट्टीला असा वास सुटला, की नासकी अंडी बरी. तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या शालनबाई नाकाला पदर लावून उभ्या.

"यशोदाबाई, गॅस बंद करा. लीक झालाय. आमच्या ह्यांनी सगळी विंग खाली उतरवलीय."

"गॅस नाही हो. भाजी आहे."

शालनबाईंनी कुकरात डोकावून पाहिलं. आत राखाडी लगदा झाला होता.

"कुणाला घालायचंय हे?"

"सुनेला."

"पटत नाही का तुमचं?"

यशोदाबाईंनी कुकर झाकण लावून गॅलरीत ठेवला आणि पदर खोचला. लोखंडी कढई चांगली तापवली. तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, आणि त्यावर तो रिजेक्ट झालेला सगळा पाला. मोठ्या आचेवर परतला, तशा पानांच्या कडा तांबूस झाल्या. मग मीठ, शेंगदाण्याचं कूट, किंचित गूळ, वरून लिंबू. शालनबाईंनी चिमूटभर भाजी तोंडात टाकली. कुरकुरीत, जराशी कडसर, मागून गोड. त्या पाट घेऊन बसल्या आणि भाकरी मागितली. विंग खालीच राहिली.

एक वाजता करिष्मा डॉक्टरांकडून आली. दारातच थबकली. डोळे मिटून तिनं खोल श्वास घेतला. यशोदाबाई ताट घेऊन पुढं झाल्या.

"थांबा हं आई," म्हणत ती त्यांना ओलांडून सरळ गॅलरीत गेली, कुकर उघडला आणि उभ्या उभ्या चमच्यानं तो लगदा खायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगदी तस्सं आई. कॅन्टीनमध्ये असंच गिचका झालेलं असायचं. वासही हाच."

तळ खरवडून झाल्यावर तिनं सांगलीला फोन लावला. "मम्मी, माझे डोहाळे पुरवले बरं का आईंनी. तुला नसतं जमलं." आणि फोन सासूच्या हातात दिला.

"काय काय घातलंत हो विहीणबाई?" पलीकडून जरा पडलेल्या आवाजात प्रश्न आला.

यशोदाबाईंनी कढईकडं पाहिलं. दौलतराव आणि शालनबाई भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ती पुसून घेत होते.

"तीन शिट्ट्या," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही. मीठसुद्धा नाही."