सतरा नंबरची फुलं

बेल वाजली तेव्हा ताई शिवणयंत्राला तेल घालत होत्या. अडतीस वर्षं चालवलेला शिवणवर्ग त्यांनी मागच्याच आठवड्यात बंद केला होता, त्यामुळे यंत्राला तेल घालायचं तसं काही कारण उरलं नव्हतं. पण सकाळपासून हाताला काहीतरी चाळा हवा होता. धाकटा भाऊ रिपोर्ट आणायला गेला होता. त्याच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट.

दारात फुलवाली होती. चौकात औषधांच्या दुकानाला लागून तिचं दुकान, आणि कॉलनीतल्या दीडशे बैठ्या घरांना ती स्वतःच स्कूटरवरून फुलं पोचवायची. आज तिच्या हातात पांढऱ्या फुलांचा भलामोठा गुच्छ होता. दांड्यांना जांभळी फीत.

"सतरा नंबर ना? इथे सही करा, मावशी."

"कोणी पाठवली गं?"

"आत कार्ड आहे," म्हणत ती गेलीसुद्धा. स्कूटर तिने बंदच केली नव्हती.

ताईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. कार्डावर लिहिलं होतं, 'तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. धीर धरा.' खाली नाव नव्हतं.

ताई गुच्छ मांडीवर घेऊन बसल्या. आपल्याला दुःख कसलं झालंय हे काही त्यांना आठवेना. घरात माणसं दोन. एक इथे धडधाकट बसलेलं. मग दुसरं? भाऊला तिकडे काही झालं असतं तर आधी फोन आला असता, फुलं नाही. म्हणजे माणूस आहे, पण रिपोर्ट वाईट आहे. आणि तो सगळ्यांना कळलाय. कसा कळला याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. शेजारचे कंपाउंडर. त्या तपासणी केंद्राचं नाव त्यांनीच सुचवलं होतं, तिथल्या माणसांशी त्यांची ऊठबस होती, आणि त्यांच्या कानात शिरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत आत राहिली असं आजवर घडलं नव्हतं.

ताईंनी फुलं फुलदाणीत ठेवली, टेबलावर ठेवली, तिथून उचलून कपाटावर ठेवली. लपवायला जागा नव्हती. गुच्छच तेवढा होता.

इकडे भाऊ रिपोर्ट आणायला गेलेच नव्हते. म्हणजे केंद्रापर्यंत गेले होते. मग समोरच्या बसथांब्यावर बसले. तीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून विजेची मीटरं वाचली होती. भुंकणारे कुत्रे, अंधारे जिने, भांडकुदळ घरमालक, कशालाच ते डरले नव्हते. पण रस्त्यापलीकडची ती काचेची दारं काही त्यांच्याने ढकलवेनात. अकरा बस सोडल्या. बाराव्या बसचा कंडक्टर ओरडला, "आजोबा, यायचंय की नाही?" तेव्हा ते उठले आणि घरी आले.

"काय म्हणाले?" ताईंनी विचारलं.

"डॉक्टर नव्हते. उद्या बोलावलंय."

ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाऊला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. डावी भुवई वर जायची. आत्ता ती पार कपाळात गेली होती. हा मला जपतोय, असं ताईंच्या मनात आलं.

"बस. चहा टाकते. साखर घालू का दोन चमचे?"

भाऊ चपापले. गेली सहा वर्षं या घरात त्यांच्या चहात साखर पडली नव्हती. ताई आत गेल्या, तशी त्यांची नजर कपाटाकडे वळली. पांढरी फुलं. ते उठले, टाचा उंचावून कार्ड वाचलं आणि होते तिथेच उभे राहिले. केंद्रातून घरी फोन आला असणार. त्यांनी अर्जात घरचाच नंबर दिला होता. ताईला सगळं माहीत आहे. नुसतं ताईला नाही, 'सगळ्यांना'.

चहा आला. ताईंनी बशीशेजारी बटणांचा डबा ठेवला, तो उघडला आणि तळाशी त्यांच्यापासून दडवलेलं सिगरेटचं पाकीट काढून त्यांच्यासमोर सरकवलं.

"ओढ."

"इथे? घरात?"

"कुठेही ओढ रे."

आता मात्र शंकेला जागा उरली नाही. भाऊंनी सिगरेट ओठांत धरली. ताईंनीच काडी ओढून धरली. मग भाऊंनी चहा संपवला, उठले आणि मोरीत जाऊन आपला कप आपण विसळला. आयुष्यात पहिल्यांदा. तो आवाज ऐकून ताईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वाईट थराला गेलंय तर.

तेवढ्यात खिडकीतून कंपाउंडर डोकावले. फुलं पाहिली. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, कधी?"

"अजून नाही," ताई तितक्याच हळू म्हणाल्या. "आत कप विसळतोय."

"अरेरे. मला काही बोलला नाहीत."

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत!"

"मी? मला आत्ता कळतंय!" कंपाउंडरांना खरोखर वाईट वाटलं. कॉलनीतली एवढी मोठी बातमी, आणि ती आपल्याआधी फुलवालीला कळावी! त्यांनी हात जोडले आणि झालेलं नुकसान भरून काढायला लगबगीने शेजारच्या फाटकाकडे निघाले. पुढच्या अर्ध्या तासात समोरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं सतरा नंबरपाशी येऊन चालण्याचा वेग कमी करू लागली. एकाने तर अंगणात किती खुर्च्या बसतील याचा अंदाजही घेतला.

भाऊ आतून आले आणि ताईंसमोर बसले. दुसरी सिगरेट पेटवली नाही.

"ताई, एक सांगायचंय. हे घेऊन जायचं नाही मला."

"काही सांगू नकोस. पडून राहा."

"घड्याळजी आला होता."

घड्याळजी म्हणजे बाजारातल्या दुकानातला तो उंच माणूस. त्याचं नाव या घरात छत्तीस वर्षं कोणी काढलं नव्हतं.

"कधी?"

"तेव्हाच. तू वर्गाला गेली होतीस. नवा शर्ट घालून आला होता. तुला मागणी घालायला." भाऊ जमिनीकडे बघत बोलत होते. "आई अंथरुणात होती. तू गेलीस तर तिचं सगळं माझ्यावर येणार. मी म्हटलं, तिचं दुसरीकडे ठरलंय. तो बरं म्हणाला. पाणी प्यायला आणि गेला. महिन्याभरात दुकानच बंद करून गेला."

घरात शिवणयंत्राच्या तेलाचा आणि सिगरेटचा वास भरून राहिला होता. त्या काळात चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचा काटा त्या स्वतः टाचणीने वाकवायच्या आणि दुरुस्तीला न्यायच्या. तीनदा नेलं होतं. चौथ्यांदा नेलं तर दुकानाला कुलूप होतं, आणि वाकड्या काट्याचं घड्याळ घेऊन त्या परत आल्या होत्या. त्याला आपण आवडलो नसू, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरवण्यावर सगळं आयुष्य काढलं होतं.

त्यांनी भाऊकडे पाहिलं. मानेवर पट्टी, तोंड उतरलेलं, शर्टाचं एक बटण सैल. बोलायला त्यांना फार कष्ट पडले.

"जाऊ दे. झालं ते झालं."

"ताई, माफ केलंस?"

"केलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. शांत राहा."

भाऊ रडले. ताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात जरा जड पडला, पण ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. फुलवाली घामाघूम होऊन उभी होती.

"मावशी, चुकलं माझं! ती फुलं द्या परत. सत्त्याण्णव नंबरची आहेत. माझा एक आणि नऊ सारखाच येतो वहीत. सत्त्याण्णवच्या आजी गेल्या सकाळी, त्यांच्या मुलाच्या ऑफिसने पाठवली होती ती."

ताई आणि भाऊ एकमेकांकडे बघू लागले.

"आणि सतराची?" ताईंनी यांत्रिकपणे विचारलं.

"तुमचा पिवळा गुच्छ होता. शिवणवर्गातल्या मुलींनी पाठवलेला. तो गेला सत्त्याण्णवला." फुलवालीने कपाळ पुसलं. "कार्डावर होतं, 'अखेर सुटलात! आता स्वतःसाठी जगा.'"

"अगं बाई!"

"सूनबाईंच्या हातात पडला. सात वर्षं करत होत्या हो सासूचं. मी बदलून घ्यायला गेले तर म्हणतात, राहू दे. बरोबर पत्त्यावर आलाय. पाण्यातसुद्धा ठेवलाय. आता तुम्हाला मी नवा करून देते."

ती पांढरी फुलं घेऊन गेली. दार लागलं.

"म्हणजे केंद्रातून फोन आला नव्हता?" भाऊंनी विचारलं.

"नाही. म्हणजे तू रिपोर्ट पाहिला नाहीस?"

"मी आत गेलोच नाही. बसथांब्यावर होतो."

ताईंनी पायात चपला घातल्या. "ऊठ."

फाटकाबाहेर सात-आठ जण जमले होते. भाऊ स्वतःच्या पायांनी बाहेर आलेले पाहून त्यांची जरा पंचाईत झाली. कंपाउंडरांनी डोळ्यांवरून फिरवायला काढलेला रुमाल नाकाला लावला. एक बाई म्हणाल्या, "जपून हं." ताई कोणाकडेही न बघता चालत होत्या.

केंद्रात रिपोर्ट मिळायला दोन मिनिटं लागली. तो परवाच तयार झाला होता. वरच्या मजल्यावर डॉक्टर होते, त्यांनी कागद वाचला, भाऊंची छाती तपासली, मान दाबून पाहिली.

"चरबीची गाठ आहे. निरुपद्रवी. बाकी तब्येत ठणठणीत आहे तुमची. सिगरेटला हात लावला नाहीत तर अजून वीस वर्षं काही होत नाही."

"वीस?" ताईंनी विचारलं. "नक्की?"

"जास्तच म्हणा," डॉक्टर हसून म्हणाले.

बाहेर पडल्यावर भाऊंना अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं. उन्हातली झाडं, सायकली, बसथांब्यावर जांभया देणारी माणसं, सगळं त्यांना आवडू लागलं होतं. कंडक्टर दिसला असता तर त्यांनी त्यालाही मिठी मारली असती. ताई चार पावलं पुढे होत्या. घराच्या वळणापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, तेव्हा कुठे भाऊंच्या लक्षात आलं की काहीतरी राहून गेलंय. त्यांनी पावलं उचलली.

"ताई."

"हं."

"मघाशी तू म्हणालीस ना. माफ केलं म्हणून."

"म्हणाले."

"मग?"

ताई थांबल्या. वळून त्यांनी भाऊला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. चेहऱ्यावर रंग परत आला होता. श्वाससुद्धा लागला नव्हता.

"ते मरणाऱ्या माणसाला म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

मागून एक सायकल घंटी वाजवत गेली. "आणि आता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आता वीस वर्षं आहेत. बघू, तेवढ्यात जमतंय का."

"वीस वर्षांनी तू सत्याऐंशीची होशील गं."

"होईन," ताई म्हणाल्या आणि चालू लागल्या. "मला काही घाई नाही."