दुसरं नाव

गौतमराव चहासुद्धा दोन नावांनी मागवतात. "चहा रमेश आणणार. रमेश न्हाई आला तर शिंदे." एकदा शिंदेनं विचारलं, "अन् मी न्हाई आलो तर?" गौतमराव गंभीरपणे म्हणाले, "तर बैठक बिनचहाची." हेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

जवळा बाजारच्या रस्त्यावर आमच्या गावच्या शेतकऱ्यांनी मिळून हळदीची कंपनी काढली. गौतमराव तिचे व्यवस्थापक आणि मी भांडार सांभाळणारा. सगळी उमर परगावच्या कारखान्यात काढून ते इकडे एकटेच आले आणि येताना कृती आराखडा घेऊन आले. भिंतभर फ्लेक्स. काम काय, कोण करणार, कधी करणार, आणि शेवटचा रकाना त्यांचा स्वतःचा: 'तो न आल्यास?'

'कोण' या रकान्यात 'सगळे' लिहायला बंदी होती. अंगण सगळे मिळून झाडू, असं संचालक मंडळ म्हणालं, तेव्हा गौतमरावांनी पेन उघडलं. "सगळे म्हंजे कोण? नाव सांगा." शेवटी अध्यक्षांचं नाव पडलं. अध्यक्षांनी अंगण झाडलं.

शिजवलेली हळद उघड्या खळ्यावर वाळत असते. भिजली तर रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. म्हणून गौतमराव भर उन्हात शिट्टी मारून जाहीर करत, "पाऊस आला." मग बायांनी हळदीचे ढीग करायचे आणि मी ताडपत्र्या घेऊन पळायचं. सुमनबाई डोक्यावरचा पदर सारखा करत विचारायची, "साहेब, छत्री आणू का?" सगळे हसत. गौतमराव घड्याळ बघत.

रोज संध्याकाळी ते मला विचारत, "ताडपत्र्या?"

"जाग्यावर हायेत," मी सांगे. लग्नसराईत एकदा हे खोटं सांगितलं. मेव्हण्याच्या पोरीचं लग्न गावातच होतं. मांडवाला कमी पडतात म्हणून त्यानं ताडपत्र्या मागितल्या, आणि सोयऱ्याला नाही म्हणायची छाती माझ्यात नाही. अर्ध्या देऊन टाकल्या. आभाळ निरभ्र होतं. 

लग्नाच्या दुपारी औंढ्याच्या बाजूनं आभाळ काळं होत आलं. वारा सुटला. शिट्टी वाजली आणि त्या दिवशी कुणी छत्रीचं विचारलं नाही. बाया ढीग लावू लागल्या. मी भांडाराचं दार उघडून उरलेल्या ताडपत्र्या बायांकडे दिल्या आणि रिकाम्या कोपऱ्यापाशी उभा राहिलो.

गौतमराव मागून आले. आत बघून म्हणाले, "बाकीच्या कुठं?"

"लग्नात. पंगतीवर बांधल्यात."

"सोडून कोण आणणार?"

"आमी सगळे जाऊन..."

"नाव."

"मी," म्हणालो. पुढचा प्रश्न येईल म्हणून थांबलो. पण त्यांनी टेम्पोची चावी माझ्या हातावर ठेवली आणि खळ्याकडे पळाले. दुसरं नाव त्यांनी विचारलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

मांडवात दुसरी पंगत बसली होती. मी सरळ बांबूवर चढून दोर सोडू लागलो. मेव्हणा खालून म्हणाला, "दाजी, काहून इज्जत घेऊन राहिले?" मी वरूनच सांगितलं, खळ्यावर अर्धी हळद उघडी आहे. पंगतीतली निम्मी माणसं कंपनीची सभासद. त्यांची वर्षाची मेहनत त्या खळ्यावर होती. ती खरकट्या हातांनी उठली. ताडपत्र्या टेम्पोत पडल्या. मेव्हण्याची स्वतःची हळदही तिथंच होती. तो फेटा सावरत टेम्पोत सगळ्यात आधी चढला.

खळ्यावर पोचलो तेव्हा मोठे थेंब सुरू झाले होते. गौतमरावांनी भिंतीवरचा आराखडा उतरवून उघड्या राहिलेल्या एका ढिगावर पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून स्वतः त्याच्या कोपऱ्यावर आडवे झाले होते. आराखडा एवढा कामी कधीच आला नव्हता.

कडेची थोडी हळद भिजली, बाकी वाचली. पाऊस थांबल्यावर मंडळी मांडवात परतली. गौतमराव ओल्या अंगानं पायरीवर कुडकुडत बसले. चूक माझी आहे, मला कामावरून काढा, असं मी म्हणालो.

"काढलं असतं. पण तुमच्या कामावर दुसरं नाव शिंदेचं, अन् त्यो पंगतीत वाढून राहिला होता."

घरी जा, अंग पुसा, आजारी पडाल, असं म्हणता म्हणता त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, "उद्या तुमी न्हाई आलात तर?"

हसतील असं वाटलं होतं. ते फ्लेक्सवरचं पाणी हातानं निपटत राहिले.

"मागच्या श्रावणात न्हाईच आलो ना, दत्तराव. तापानं खोलीवर पडून होतो. तुमाला वाटलं, हिंगोलीला बैठकीला गेलो."

तसं वाटलं होतं खरं. मग लांबलं, तेव्हा कुणीतरी बघून आलं असेल, असं वाटलं. मी तेच सांगितलं.

"व्हय," ते म्हणाले. "सगळ्यांनाच तसं वाटलं."

दुसऱ्या दिवशी भांडार उघडायच्या आधी मी त्यांच्या खोलीची कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला, तेवढ्यात माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. मग गौतमराव दारात आले, अंगावर शाल.

"दत्तराव? काहून आले? काय झालं?"

"काय न्हाई. तुमी येऊन राहिले का, ते बघाया आलो. आता रोज येणार."

त्यांनी चष्मा काढला. शालीच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"अन् तुमी न्हाई आलात तर?"

"शिंदे," मी म्हणालो. "त्याला सांगून ठेवलंय."