सासऱ्यांच्या वाढदिवसाचा बॅनर

राहनाळच्या चांगदेवशेठ भोईरांना आपला जावई नेमकं करतो तरी काय, हे लग्नाला वर्ष होत आलं तरी उमगलं नव्हतं. कुणाल टेमघरला राहायचा, नोकरीही धड होती. पण सुट्टीला सासरी आला की कोपऱ्यात बसून टॅबवर पेनने रेघोट्या मारायचा. शेठ येता-जाता बघायचे आणि बायकोला, रंगूबाईंना, विचारायचे, "जावई मोठा कवा व्हायचा गं?" सासरे-जावयाचा एकूण संवाद म्हणजे "जेवलास का?" आणि "हो." आता असल्या सासऱ्यावर छाप पाडायची तरी कशी? कुणालने ठरवलं, शेठच्या साठीला नाक्यावर बॅनर लावायचा, आणि त्यावर फोटो नाही, आपल्या हातचं चित्र!

चित्रकला तो व्हिडिओ बघून शिकत होता. त्यातले सर बजावायचे, नवशिक्यांनी लगेच रंगाच्या मागे धावू नये. आधी अख्खा चेहरा काळ्या-करड्यात करावा, उजेड-सावली जमवावी, मग वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर, रंग चढवावा. आणि उजेड-सावलीचे टोन तपासायला रंगाचा लेअर मधूनमधून झाकावा. कुणालने सगळं इमानेइतबारे केलं. शेठच्या मिशा, कपाळावरची आठी, डोळ्याखालचा चामखीळ, सगळं हुबेहूब. शेवटचं म्हणून रंग झाकून टोन तपासले, स्वतःवरच खूश झाला आणि त्याच खुशीत चित्र पाठवून मोकळा झाला. झाकलेला रंग उघडायचा राहिला.

शहरातल्या फ्लेक्सवाल्या भाविकला त्याने मेसेज टाकला होता, "नाव चांगदेवशेठ भोईर. मजकूर नेहमीचा टाक. सकाळी राहनाळ नाक्यावर लाव."

आता भाविकचा काय दोष हो? रंगीत चेहरा म्हणजे वाढदिवस आणि काळा-पांढरा म्हणजे माणूस गेला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने नेहमीचा मजकूर टाकला, "भावपूर्ण श्रद्धांजली". वर पदरची चार फुलं आणि एक समईही टाकली.

वाढदिवसाच्या सकाळी शेठ गुडघे शेकायला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले. इकडे कुणाल आणि त्याची बायको मृणाली केक घेऊन पोचतात, तर शेजारच्या ठमाबाई ऊर बडवत अंगणात हजर.

"रंगूबाई, असं कसं गं झालं! काल तर धडधाकट होते चांगदेवशेठ!"

रंगूबाई वडे तळत होत्या. "आजही धडधाकटच हायेत. अकलोलीला गेलेत."

"म्हणजे तिथंच झालं का गं!"

रंगूबाईंनी आधी सगळ्यांना वेड्यात काढलं. पण अंगण भरत चाललं. जो येतो तो डोळे पुसतो. "नाक्यावर बॅनर लागलाय," शेजारचा नामा म्हणाला, "बॅनर काय उगाच लागतो?" कुणीतरी शेठना फोन लावला, तर तो आतल्या खोलीत चार्जिंगवर वाजला. तो ऐकून रंगूबाईंचा धीर सुटला. "गावाला कळलं, आन मलाच कुनी सांगितलं न्हाय!" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. मृणालीही रडायला लागली. नामा बांबूच्या सोयीला निघाला.

"बॅनर लावला कुणी पण?" रडवेल्या कुणालने विचारलं.

नामाने मोबाइलवर फोटो दाखवला. "बघा जावई, चेहरा कसा जिवंत वाटतोय!"

कुणालने पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. सासरे जिवंत आहेत! पुढच्याच क्षणी त्याला दरदरून घाम फुटला. सासरे जिवंत आहेत! आणि अकलोलीहून परत येताना ते नाक्यावरच उतरणार!

"मामी, रडू नका! मामांना काही झालं नाही, माझा रंग झाकलेला राहिला!"

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," ठमाबाई म्हणाल्या.

कुणालने बाइक पिटाळली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खांद्यावर ओला टॉवेल टाकून शेठ स्वतःच्याच बॅनरखाली उभे होते. शेजारी एक रिक्षावाला हळहळत होता. "चाचा, आप पहचानते थे इनको?"

"बहुत," शेठ म्हणाले. "आदमी अच्छा था."

कुणालने पायच धरले. लेअर, टोन, भाविक, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेठ वरच बघत होते.

"हा फोटो न्हाय? तू काढलास? हातानं?"

"हो, मामा."

"घरी कोन रडतंय?"

"सगळे. मामी तर धाय मोकलून."

"रंगू रडली?" शेठनी मिशीवरून हात फिरवला. "मंग चल बिगीबिगी, उगाच बिचारीला तरास."

शेठ दारात दिसले आणि घराच्या जिवात जीव आला. रंगूबाईंनी आधी त्यांना चाचपून पाहिलं, मग फोन विसरल्याबद्दल झाड झाड झाडलं आणि रडत-रडतच हातात गरम वडा ठेवला. नामाने बांबूवाल्याला फोन करून सांगितलं, "राहू दे, आले ते!"

दुपारी नाक्यावर रंगीत शेठ झळकले. कुणालने सुटकेचा निःश्वास सोडला आणि टॅबवरचं ते काळं-पांढरं चित्र पुसायला घेतलं. इतक्यात मागून शेठचा आवाज आला.

"पुसू नको. ठेव ते."

"कशाला, मामा?"

"कवा ना कवा लागंलच की. आन त्या दिवशी तू रडत बसशील, तुला काय चित्र काढनं जमायचं न्हाय." शेठ त्याच्या शेजारी बसले आणि टॅबमध्ये डोकावले. "बरं, जेवलास का?"